मोबाईलच्या पडद्यावर बसलेली आक्का

आमच्या मोबाईलच्या पडद्यावर आक्का उमटली ती साधारण मार्च महिन्यात. नक्की तारीख सांगता येत नाही, आणि सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं घासून अव्वल कारकून झालेल्या माणसाला तारीख सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे. पण हा प्रकार एका दिवसात झालेला नाही. भिंतीवर ओल येते तशी ती हळूहळू आली.

आक्का म्हणजे माझी आई. वय ब्याऐंशी. वडील, म्हणजे गणपतराव, सहा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर दोन वर्षं ती शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहत होती. चुलीवर दूध ठेवून शेजारच्या गावाला चालत जाण्याचा प्रकार तीनदा झाला, तेव्हा मी तिला कोल्हापूरला, साने गुरुजी वसाहतीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिची आठवण सुटत चालली होती. डॉक्टरांनी त्याला एक इंग्रजी नाव दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि 'लक्ष ठेवा' म्हणून सांगितलं.

आता लक्ष ठेवायचं कुणी? माझी बायको वर्षाराणी शाळेत शिक्षिका, तिला यायला सहा वाजतात. मलाही तेवढेच. शालूबाई सकाळी येऊन आक्काला आंघोळ-जेवण घालून साडेबाराला जातात. त्यापुढचे साडेपाच तास रिकामे. दिवसभरासाठी तीन बायका ठेवून बघितल्या. पहिलीला आक्कानं चोर ठरवलं, दुसरीला सवत ठरवलं, आणि तिसरी काही ठरवायच्या आतच निघून गेली. बाहेरून कुलूप लावावं असं एकदा निघालं होतं, पण मी ठाम नकार दिला. आईला कोंडून कामावर जातो, असं चारचौघांत माझ्याबद्दल बोललेलं मला चाललं नसतं. आईचं काय होईल यापेक्षा लोक काय म्हणतील हे मी आधी बघितलं. आता हे लिहायला हरकत नाही.

मग कॅमेरा आणला. पांढरा, मुठीत मावेल एवढा. तो हॉलमधल्या शोकेसच्या कपाटावर ठेवला की समोरचा दिवाण, खिडकी आणि अर्धं दार मोबाईलवर दिसायचं. शिवाय त्यातून बोलताही यायचं. मी कचेरीतून बोलायचो, घरात कॅमेऱ्यातून आवाज निघायचा. आक्का, पाणी पी. आक्का, दाराकडं जाऊ नको. आक्का, बस. पहिल्या आठवड्यात ती इकडंतिकडं बघून विचारायची, "कुठं हायस रं?" मी टेबलावरून सांगायचो, "हितंच हाय की." पुढं तिनं विचारायचं सोडलं. तिला सवय झाली असं मी समजलो.

कचेरीत मोबाईल टाचण्यांच्या डबीला टेकवून समोर उभा करायचो. पाठीमागं खिडकी असल्यामुळं उजेड पडायचा, म्हणून पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवून ठेवलेला. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आक्का माझ्यासमोर दिवाणावर बसून असायची. पांढरं लुगडं, मांडीवर हात, नजर खिडकीकडं. ती फारशी हलत नसे. येणारे-जाणारे बघायचे. आमचे साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "उदयसिंहांसारखा मुलगा पाहिजे." मी फाईलमध्ये मान घालून नम्र दिसायचा प्रयत्न केला. तो किती जमला माहीत नाही.

तर मार्चमध्ये मी पेपर वाचायला मोबाईल उघडला आणि बातमीवर एक करडी सावली दिसली. काच पुसली. गेली नाही. बातमी वर सरकवली, तर बातमी सरकली आणि सावली जागेवरच राहिली. नीट बघितल्यावर खांदे दिसले, डोक्यावरचा पदर दिसला, मांडीवरचे हात दिसले. उजव्या कोपऱ्यात खिडकीचे गजही होते. आक्काच्या पांढऱ्या लुगड्याच्या आकाराचा डाग माझ्या मोबाईलवर पडला होता.

त्यानंतर ती सगळीकडं दिसायला लागली. हवामानाच्या नकाशावर ती विदर्भात बसायची. माझ्या मावसभावाला नातू झाला, त्याच्या फोटोत ती बाळाच्या पोटावर बसली. साहेबांनी रजेवर असताना व्हिडिओवरून बैठक घेतली, तेव्हा ती त्यांच्या शर्टावर होती, आणि साहेब गंभीरपणे प्रलंबित प्रकरणांविषयी बोलत असताना मला दुसरीकडं बघावं लागलं.

वर्षाराणीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "जिवंत माणसाचं असं काय हे," ती म्हणाली. "बघवत नाही मला."

राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं मोबाईल हातात घेऊन तिरका केला.

"पावणं, पडदा जळलाय तुमचा."

"पण तो कुठं पडला नाही, तापला नाही."

"तसलं जळणं न्हवं. एकच चित्र लई दिस लावून ठेवलं की तेवढी जागा थकती आणि काळी पडती. ह्याला औषध न्हाय. पडदाच बदलायचा." मग त्यानं जरा जवळून बघितलं. "कोन हाय ही म्हातारी?"

"आई."

"बरं हाय की मग," तो म्हणाला आणि मोबाईल परत दिला.

हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाऊसोंना कळलं. भाऊसो वीज मंडळातून निवृत्त झालेले. ज्या वस्तूत वीज जाते ती वस्तू त्यांच्या अधिकारात येते, असं ते मानतात. "पडदा कशाला बदलताय, उदयराव? व्यायाम द्या त्याला." त्यांनी इंटरनेटवरून एक चित्रफीत शोधून दिली. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे रंग भराभर बदलत राहतात. एका रविवारी ती नऊ तास लावली. हॉलमध्ये पोलिसांची गाडी थांबल्यासारखं दिसत होतं. मोबाईल इतका तापला की भाऊसोंनी तो पितळेच्या ताटलीत ठेवून पंख्याखाली धरला. आक्का दिवाणावरून हे सगळं बघत होती. संध्याकाळी चित्रफीत बंद केली. सावली जिथल्या तिथं होती.

पुढच्या रविवारी भाऊसो दुसरी युक्ती घेऊन आले. जळलेलं पुन्हा ताजं होत नसेल, तर न जळलेलंही तेवढंच जाळावं, म्हणजे सगळं सारखं होईल. म्हणजे आक्काची जागा काळी ठेवायची आणि भोवतीनं लख्ख पांढरं लावायचं. ऐकायला हे कसं वाटतं याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. भाऊसोंनी तसं चित्र तयार केलं, पण मापात बोटभर चूक झाली. दिवसभर ते लावून ठेवल्यावर आक्काच्या भोवती एक कडा उमटली. आधी ती नुसती सावली होती, आता रेखीव दिसायला लागली.

मग मी अधिकृत मार्गानं जायचं ठरवलं. खरं तर आधीच जायला हवं होतं. कंपनीच्या सेवा केंद्रात मनाली नावाची मुलगी खिडकीवर होती. तिनं फॉर्म दिला. बिघाडाचं कारण या रकान्यात तीन पर्याय होते. पडला, भिजला, इतर. मी 'इतर'वर खूण केली. पुढं तपशील लिहायला अर्धा इंच जागा. बराच विचार करून मी लिहिलं, 'आई'.

मनालीनं ते वाचलं. "काका, हे हमीत बसत नाही. दिवसाला आठ तास एकच चित्र, तेही पूर्ण उजेडात, म्हणजे वापर चुकीचा झाला."

"आईकडं बघणं हा चुकीचा वापर?"

"मी तसं नाही म्हणत हो, काका. कंपनी म्हणते. तुम्ही वर लिहून बघा."

मी वर लिहिलं. लिहिणं हे माझं क्षेत्र. अकरा मुद्द्यांचं पत्र, संदर्भ, जोडपत्रं. उत्तर आलं की बिघाडाचं चित्र पाठवा. मी मोबाईलवरच पडद्याचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून पाठवलं. उत्तर आलं की चित्रात कोणताही दोष दिसत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी हतबुद्ध झालो. माझ्या मोबाईलवर ते चित्र उघडलं तर आक्का स्पष्ट दिसत होती. वर्षाराणीच्या मोबाईलवर उघडलं तर नव्हती. डाग काचेखाली होता, चित्रात नव्हताच. जो मोबाईल हातात घेईल त्यालाच तो दिसणार.

यात माझे चार शनिवार गेले. त्यातल्या एका शनिवारी वर्षाराणी म्हणाली होती, "या पडद्याच्या मागं लागण्यापेक्षा दिवसभराची एखादी बाई शोधूया. आक्का हल्ली एकटीच काहीतरी पुटपुटत असतात." मी म्हणालो, "एवढं पत्र जाऊ दे." ते पत्र गेलं. मग दुसरं सुरू केलं.

जुलै महिना होता. वरून तपासणी आली होती आणि कचेरीत सगळे पळत होते. आभाळ भरलेलं, घरात उजेड कमी. त्या दिवशी मी मोबाईलकडं दहा-बारा वेळा तरी बघितलं असेल. आक्का दिवाणावर होती. दोनला मी म्हणालो, "आक्का, पाणी पी." ती हलली नाही. चारला म्हणालो, "आता जरा आडवी हो." तरी नाही. मला राग आला. तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं, कोण? मी सांगितलं, आई आहे, ऐकत नाही. ते हसले. त्यांची आईही ऐकत नाही म्हणाले.

सहाला घरी आलो. दार उघडं होतं. आक्काच्या चपला नव्हत्या.

मी हॉलमध्ये गेलो. दिवाण रिकामा. स्वयंपाकघर, खोल्या, न्हाणी, गॅलरी, सगळं बघून पुन्हा हॉलमध्ये आलो आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खिशातून मोबाईल काढून कॅमेरा उघडला. मोबाईलमध्ये दिवाण होता, दिवाणावर आक्का बसली होती, आणि तिच्या शेजारी पावसानं भिजलेला, हातात मोबाईल धरलेला मी उभा होतो.

मी शेजारी हात लावला. गादी होती. गार होती.

वर्षाराणी आली तेव्हा मी तिथंच उभा होतो म्हणे. तिनं तिच्या मोबाईलवर दुपारचं चित्रण लावलं. तिचा मोबाईल जुना, साध्या पडद्याचा, त्याला हा रोग होत नाही. साडेबाराला शालूबाई गेल्या. बारा बावन्नला आक्का उठली, सरळ कॅमेऱ्यापाशी आली, पडदाभर तिचा चेहरा झाला. तिनं कॅमेरा थोपटला, उचलून हलवून बघितला, बोटानं चाचपला. काहीतरी बोलली. चित्रणात आवाज येत नाही. मग तो जागेवर ठेवला, पदर खोचला आणि दाराबाहेर गेली. त्यानंतर सहा वाजेपर्यंत रिकामा दिवाण.

म्हणजे मी दुपारभर रिकाम्या दिवाणाला पाणी पी म्हणत होतो.

भाऊसो स्कूटर घेऊन रंकाळ्याच्या बाजूला बघायला गेले. तळ्याच्या बाजूला का, हे आम्ही कुणी बोललो नाही. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथं एक वयस्कर हवालदार होते.

"शेवटचं कधी बघितलं त्यास्नी?"

"सहाला," मी म्हणालो.

"कुठं?"

"मोबाईलवर."

"आणि घरातनं गेल्या कधी?"

"एक वाजायच्या आत," वर्षाराणी म्हणाली.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "एकला गेलेली बाई ह्यास्नी सहाला दिसली."

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. घरात दिवा चालू राहिला होता. हवालदारांनी चष्मा चढवून बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. "ह्या काय, बसल्यात की दिवाणावर. सरकारी माणूस तुम्ही आणि चेष्टा करायला आलायसा व्हय?"

"ती सावली आहे, साहेब."

"कुणाची?"

"आक्काची."

"आणि आक्का कुठं हायत?"

"तेच विचारायला आलोय."

वर्षाराणीनं स्वतःचा मोबाईल पुढं केला. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि मग ते माझ्याशी जरा मऊ बोलायला लागले. ते मला जास्त लागलं. नोंद कशी करायची हा प्रश्न आला. मी मसुदा सांगायला लागलो, 'पडद्यावरील तांत्रिक दोषामुळे अर्जदारास दृश्याचा यथायोग्य बोध न झाल्याने'. हवालदारांनी हात वर करून मला थांबवलं आणि स्वतः लिहिलं, 'आई घरात नसल्याचे अर्जदारास पाच तास कळले नाही.' मसुदा माझ्यापेक्षा चांगला होता. मी सही केली.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. तो हवालदारांच्या हातात होता. त्यांनी सवयीनं उचलून सांगितलं, "पोलीस ठाणं, बोला." पलीकडून फोन कट झाला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी मोबाईल माझ्याकडं दिला.

गावाकडच्या तानाबाई होत्या, आमच्या समोरच्या घरातल्या. "उदय, तुझा फोन पोलिसाकडं कसा रं गेला? आक्का हितं हाय. भिजून आलीया, पाय फुटल्यात तिचं. ओढ्यावर पानी चढलंय, आता येऊ नगंस. उजाडल्यावर ये."

कशी पोहोचली ते नंतर कळलं. पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटी फुकट असते. त्यासाठी लागणारं आधार कार्ड मीच प्लास्टिकच्या पाकिटात घालून, मागं माझा नंबर लिहून, तिच्या गळ्यात अडकवलं होतं. रस्त्यात तिनं कुणाला तरी आमच्या गावाकडच्या मलकापूरची गाडी विचारली. त्या भल्या गृहस्थानं तिला रिक्षात घालून स्टँडवर सोडलं. वाहकानं पुढची जागा दिली. सगळ्यांनी तिला मदत केली. मलकापूरहून ती दुसऱ्या गाडीनं फाट्यापर्यंत आली आणि तिथून दीड कोस पावसात चालली. आमच्या घराला कुलूप होतं. ते बडवत ती आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाका मारत होती. तानाबाईंनी ऐकलं.

पुढचं आधी सांगून टाकतो. ते फार नाही. आक्का परत कोल्हापूरला आली नाही. मी होती नव्हती ती सगळी रजा घेतली, गावचं घर उघडलं आणि तिच्याजवळ राहिलो. वर्षाराणी शनिवारी यायची. भिजल्याचा खोकला आक्काच्या छातीत बसला तो उतरलाच नाही. भात कापणीला आलं त्या आठवड्यात ती गेली. मोबाईलचा पडदा मी त्याआधीच बदलून घेतला होता. जुना आठवण म्हणून ठेवायला हवा होता, असं भाऊसोंना वाटतं. मला वाटत नाही.

राहिली ती पहिली सकाळ. ओढा उतरल्यावर आम्ही पोहोचलो. वर्षाराणी डॉक्टरांना आणायला तशीच पुढं गेली आणि मी तानाबाईंच्या घरात शिरलो. आक्का चुलीजवळ वाकळ पांघरून बसली होती. पायांना हळद लावून फडकी गुंडाळली होती. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

"कोन पावणं?"

"अगं, उदय न्हवं का," तानाबाई म्हणाल्या.

आक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. "न्हाय. उदय एवढा म्हातारा न्हाय." मग ती मलाच म्हणाली, "सरकारी दिसतायसा. एक काम हुतं बगा."

"सांगा," मी म्हणालो.

"माझा ल्योक कोल्हापुरात डब्यात अडकलाय. पांढरा डबा हाय, एवढासा. कपाटावर ठेवलाय त्येला. आत बसून दिसभर वरडतोय. पानी पी म्हंतोय, बस म्हंतोय. कुठं हायस म्हटलं, तर हितंच हाय म्हंतोय. मी समदीकडनं चाचपलं, त्या डब्याला दारच न्हाय. त्येच्या बानं काढला असता, म्हणून आलो. तर घराला कुलूप."

तानाबाईंचा भाकरी थापायचा हात थांबला.

"मी काढतो त्याला," मी म्हणालो.

"कवा?"

"आजच."

तिचा विश्वास बसला असावा. तिनं मान हलवली आणि तानाबाईंना सांगितलं, "पावण्यास्नी वाढ गं." तानाबाईंनी भाकरी आणि भाजी पुढं ठेवली. मी खायला लागलो. आक्का बघत होती.

"आई हाय का तुमची?"

"आहे."

"कुठं असती?"

"माझ्याकडंच. कोल्हापुरात."

"मग तुम्ही हितं, तर तिच्याजवळ कोन हाय?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "दुपारचं कुणी नसतं," म्हणालो.

आक्कानं पदर मागं सारला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लहानपणी शाळा चुकवून आल्यावर बघायची तसं.

"म्हातारं मानूस असं एकटं ठेवत्यात व्हय?" ती म्हणाली. "शिकल्याली मानसं तुम्ही. एवढी भाकरी खावा आणि घरला जावा बघू."

मी खाली मान घालून खात राहिलो. भाकरी संपली तरी उठलो नाही. ती थोडा वेळ वाट बघत बसली, मग तव्यावरची दुसरी भाकरी तिनं स्वतः उचलली आणि माझ्या ताटात टाकली.